कोपऱ्यातली खोली झाडायची राहिली आहे

माय, यात्रेच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले आहे, हे तू पाहिलं असतंस तर तुझा पारा चढला असता. वांगी चिरायची पडली आहेत, भाताचं आधण ठेवायचं आहे, नदीकडून देवळाचे भोंगे सुरू झालेत आणि उद्या महाशिवरात्र. पण माझे हात काम करत नाहीत. मघाशी वरणात दोनदा मीठ घातलं. तुझी नात सकाळी दिवस उगवायच्या आत निघाली, आता दिवस मावळतीला आला, आणि पोचल्याचा फोन नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुला वाचताही येत नव्हतं, तरी तुलाच लिहिते आहे. कारण कोपऱ्यातली खोली मी अजून झाडलेली नाही, आणि ती का झाडली नाही हे समजावून न सांगता कळेल अशी तू एकटीच होतीस.

निवास तुझ्या वेळी होतं तसंच आहे. मधे अंगण, ओळीनं खोल्या, हापशी, मागे नदीकडे उतरणारी वाट. फाटकावरची पाटी तेवढी नवी झाली, 'जवान व कुटुंबीयांसाठी' अशी मोठ्या अक्षरांत, आणि खोल्यांत फरशी बसली. तू इथं रांधलंस, चादरी धुतल्यास, खोल्या पाहिल्यास; तुझ्यामागे ते माझ्याकडे आलं. फौजी लोक रजेत बायकोपोरांना घेऊन महादेवाच्या दर्शनाला येतात. जंगलातल्या चौक्यांवरच्या जवानांना घरापर्यंत जाण्याइतकी सुट्टी नसली की ते घरच्यांनाच इथं बोलावून घेतात. नदीत आंघोळ, देऊळ, तुझ्या हातचं, आता माझ्या हातचं, लाखोळीच्या डाळीचं वरण, रात्री अंगणात सतरंजीवर गप्पा. मग बायको एका बसमध्ये बसते आणि जवान दुसरीत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच घरांतले वडील असे देवळापाशी भेटतात.

माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठीवर केर काढू नये, हे घरोघरी पाळतात. मयत निघाल्यावर घर झाडतात, म्हणून. पण लोक घटकाभर थांबतात आणि झाडून मोकळे होतात. तू माणूस पोचेपर्यंत थांबायचीस. आणि निवास म्हणजे काही आपलं घर नव्हे, इथून रोजच कुणी ना कुणी निघणार, हे तुला कुणी पटवू शकलं नाही. तेव्हा फोन कुठला. अहेरीकडून परतणाऱ्या बसचा कंडक्टर आपल्या फाट्यावर गाडी हळू करायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "उतरवला वो बाई तुमचा पाहुणा!" की तू जिथं असशील तिथून हाक मारायचीस, "झाडू आण वो पोरी!" मी खेळ टाकून केरसुणी आणि सुपली घेऊन पळायचे. शेंगांची टरफलं, विडीची थोटकं, एखादं तुटकं बटण, कुणाच्या बायकोच्या गजऱ्यातली सुकलेली शेवंती. तो केर भरताना तुझा चेहरा असा हलका व्हायचा की मला झाडायचं काम सणासारखं वाटायचं.

तो साहेब आठवतो? पाहणीला आला, उंच, बारीक मिशीचा, पुण्याकडचं बोलणारा. त्यानं कुलूप लावलेली खोली उघडायला लावली, आतला केर पाहिला आणि तुला सगळ्यांदेखत झापलं. तू म्हणालीस, "झाडतो ना साहेब, आधी त्याले पोचू द्या." तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, म्हणजे ज्या खोलीत केर, त्या खोलीतला माणूस या घटकेला रस्त्यावर आहे. हे तुम्हाला कळतं तसं आणखी कुणाला कळलं तर?" तू पांढरीफटक पडलीस. आपली माया कुणाच्या जिवावर उठू शकते, हे तुझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवसापासून तू काय केलंस, तर दुसऱ्याही खोल्या पारोशा ठेवायला लागलीस! कुणी निघो न निघो, चारदोन खोल्यांत केर ठरलेला. निवास घाणेरडं म्हणून तक्रारी गेल्या, पण तू बधली नाहीस. पुढे तोच साहेब दोन दिवस राहून चौकीवर निघाला, फाटकापाशी घुटमळला, आणि मागे न बघता म्हणाला, "बाई, माझ्या खोलीचं तेवढं लक्षात ठेवा." तू पदर तोंडाला लावून हसलीस. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडायला लागला.

आणि दुसरा एक दिवस, तो मला आज सकाळपासून सोडत नाही. हिरवा चुडा भरलेल्या बायकोला घेऊन आलेला तो पोरगेलासा जवान. तिला माहेरच्या बसमध्ये बसवलं, तुझ्या पाया पडला, निघाला. दुसऱ्या दिवशी परतीची बस आली, आणि कंडक्टर ओरडला नाही. गाडी थांबवून खाली उतरला. तो कधी खाली उतरत नसे. तुझ्यापाशी येऊन नुसता उभा राहिला, टोपी हातात घेऊन. तू त्याला पाणी दिलंस. ती खोली तू बंदच ठेवलीस. काही दिवसांनी त्याच्या बायकोचा भाऊ राहिलेली पिशवी न्यायला आला, तो गेल्यावर तू उंबऱ्याशी बसून राहिलीस आणि मग म्हणालीस, "झाडू आण वो पोरी." तेच शब्द, फक्त हळू. मी आणला. तू मागच्या भिंतीपासून दारापर्यंत इतकं सावकाश झाडलंस की मी रडायला लागले, आणि का रडते ते मला सांगता येईना. तेव्हापासून, माय, झाडू मागितला की मी आधी मागणाऱ्याच्या तोंडाकडे बघते.

आता तुझी नात. तू तिला मांडीवर घेऊन याच अंगणात तेल लावलंस. ती पोलिसात लागली, आणि चौकी मिळाली अहेरीच्याही पुढे. गडचिरोलीला कचेरीत नेमणूक होत असताना हिनं चौकी मागून घेतली, असं मला मागाहून कळलं. तेव्हा मी आठवडाभर तिच्याशी धड बोलले नाही. लोक म्हणतात, आता पहिल्यासारखं राहिलं नाही, जंगल शांत झालं. असेल. मग रस्त्यावर ट्रक आहेत. खनिज भरून रात्रंदिवस धावतात, समोरच्या दुचाकीला मोजत नाहीत, आणि अहेरीपासून पुढे ही दुचाकीनंच जाते. तुला एकच भीती होती, जंगलातल्या बंदुकांची. मला किती आहेत ते मी मोजायचं सोडलं. दोन दिवसांच्या रजेवर आली होती. आमच्या खोलीत यात्रेचे तांदूळ-डाळ रचलेले, म्हणून कोपऱ्यातल्या खोलीत झोपली. सकाळी बूट न घालता साध्या चपला घातल्या, ओढणी घेतली, कॉलेजच्या पोरीसारखी दिसायला लागली. निघताना बजावलं, "आई, मी कधी निघाली, कुठी गेली, कोणाले सांगायचं नाई. कोणी विचारलं त म्हण नागपूरले आहे." मग फाटकातून वळून हसली. "आन ते आजीचं नाटक करू नको. यात्रा आहे, खोली लागंल, झाडून टाक." मी बरं म्हटलं. तिनंही सवयीनं "येतो" म्हटलं, तुझ्यासारखंच.

दुपारपर्यंत ती पोचते. दुपार गेली. मी फोन लावून पाहिला, बंद लागला. तिकडे नेटवर्क जातं, दोन-दोन दिवस जातं, हे मलाच माहीत आहे, मीच जवानांच्या बायकांना हे सांगून धीर देते. स्वतःला सांगितलं तर पटत नाही. तेवढ्यात सिंदेवाहीकडची एक म्हातारी आली, सोबत सून, सुनेच्या कडेवर लेकरू. म्हातारीचा मुलगा सरहद्दीवर आहे, उद्या रजेवर थेट इथं येतो आहे, आणि खोली त्याच्या नावानं आधीपासून राखलेली. बाकी सगळं भरलं होतं. कोपऱ्यातलीच काय ती रिकामी. मी म्हटलं, "खोली झाडायची आहे अजून, जरा व्हरांड्यात बसा." त्या बसल्या. मी चहा दिला. पुन्हा म्हटलं, जरा थांबा. खरं कारण सांगायची मला बंदी, आणि खोटं सांगायला सुचेना. म्हातारी माझी धांदल बघत होती. धानाच्या शेतात जन्म गेलेली बाई. दुसरी बाई राबत असताना हात बांधून बसणं तिला कसं जमणार. मी नदीकडच्या दारानं सरपण आणायला गेले आणि परत येऊन बघते, तर कोपऱ्यातल्या खोलीचं दार सताड उघडं. म्हातारी उंबऱ्यापर्यंत झाडत आली होती. पुढ्यात केराचा छोटासा ढीग. फुटाण्यांची सालं, एक काळी पिन, आणि पोरीच्या विंचरलेल्या केसांचा गुंता.

"तुमी एकट्या किती करान बाई," ती मायेनं म्हणाली, "म्हणून म्याच झाडून देल्लं."

माय, माझ्या हातातलं सरपण खाली पडलं. मला ओरडायचं होतं, पण तिच्यावर काय म्हणून ओरडू? मी तिथंच खाली बसले आणि पोरीनं बजावलेलं सगळं मोडलं. "माझी पोरगी होती इथी," मी म्हटलं. "पोलिसात आहे. सकाळी गेली. अजून पोचली नाई वो."

म्हातारीच्या हातातून झाडू गळाला. "अवो माय! मले काऊन नाई सांगितलं वो?" तिचा चेहरा एवढासा झाला. "माझा पोरगा जाते त म्या त्याच्या खाटेखाली आठ आठ दिवस झाडू घालत नाई. अन् आज माझ्याच हातानं..." मग ती वाकली. दोन्ही ओंजळींनी केर उचलला आणि आत जाऊन खाटेखाली टाकला. "सांडा, सांडा बाई, होता तसा सांडा." मीही उचलला. केसांचा गुंता खिडकीखाली होता, तिथं ठेवला. पिन आरशाच्या फळीखाली. सालं कुठं कुठं होती ते आठवून आठवून पसरली. सून लेकरू घेऊन दारात उभी होती; लेकरू खाली उतरायला धडपडायला लागलं तसं त्याला घट्ट धरून म्हणाली, "थांब, मावशी पोचली नाई अजून." तिच्या तोंडून ते ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. झाडलेलं न झाडलेलं होत नाही, हे मला कळतं, माय. इतकी अडाणी मी नाही. पण तू असतीस तर तूही ओंजळीनं केर उचलला असतास, याची मला खात्री आहे.

ती तिघं त्या केरातच सतरंजी टाकून बसली आहेत. म्हातारीनं माझा फोनही मागून घेतला. "तुमी रांधा, म्या ध्यान ठेवतो," म्हणाली. मी दिला, आणि आत येऊन वांग्यांऐवजी कागद समोर घेतला. अंगणात आता उद्याच्या यात्रेची माणसं येऊन राहिली आहेत, हापशी थांबत नाही, कुणीतरी गरम पाणी मागतं आहे. मी ऐकते ते फक्त कोपऱ्यातल्या खोलीकडचं.

वाजला, माय. फोन वाजतो आहे. म्हातारीला तो घेता येतो की नाही देव जाणे. घेतला. "हव," म्हणते आहे. पुन्हा "हव, हव." मग काहीच नाही. तिच्या चपला फरशीवरून इकडे येत आहेत आणि मी मान वर करत नाही, लिहितेच आहे, अक्षर बघ कसं झालं. ती दारात आली.

"बाई, झाडू कुठी ठेवला?"

हात थांबला होता माझा. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बोळक्या तोंडानं हसत होती ती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पोचली तुमची पोरगी. टायर फुटला होता म्हणे रस्त्यात. झाडलं का म्हणून इचारत होती. म्या म्हटलं, नाई बा, तुह्या मायनं हातच लावू देल्ला नाई."

आता उठते. ती खोली मीच झाडणार, मागच्या भिंतीपासून. हे पत्र नंतर चुलीत जाईल, तुला तसंही कुणी वाचून दाखवणारं नाही. फक्त एक खरं सांगून ठेवते, माय. तुझी आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नव्हते. फोन वाजला तर तो मलाच घ्यावा लागू नये, म्हणून बसले होते.