ते गाणं तुझं होतं

आई, कंपनीच्या हिरवळीवर त्या दिवशी मी तुझी ओळख दाखवली नाही, त्याबद्दल लिहायला बसले आहे. इतक्या वर्षांनी! तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरी सवड झाली बाईसाहेबांना."

लग्नाआधी तू मुंबईला जाऊन तबकड्यांसाठी गायचीस. खट्याळ, ठेका धरायला लावणारी गाणी, मागे गिटार आणि अ‍ॅकॉर्डियन. एक तर लग्नातल्या बँडवाल्यांनीही उचललं होतं. मग अप्पांशी लग्न करून त्यांच्या घरी आलीस आणि "आमच्याकडे असलं चालत नाही" एवढ्या एका वाक्यावर सगळं मिटलं. माझ्या वाट्याला आलं ते बिबवेवाडीच्या स्वयंपाकघरातलं, कणीक तिंबताना गुणगुणलेलं. जिन्यात अप्पांच्या चपला वाजल्या की तू गप्प. मी एकदा सोबत गायला लागले तर म्हणालीस, "शब्द गिळू नकोस, पोळी गिळ."

पुढे जुन्या गाण्यांची रिमिक्स करायची लाट आली. हिंजवडीला आमच्या कंपनीचा कुटुंबमेळावा होता. मला नुकतंच प्रोजेक्ट लीडर केलेलं, व्यासपीठावर नाव पुकारणार होते, म्हणून हौसेने तुला कंपनीच्या बसने घेऊन गेले. मी फुलांचा गुच्छ घेऊन खाली उतरते, तोच स्पीकरवर तुझं गाणं सुरू होतं. खाली धडाधड ठोके, वर तुझा विशीतला आवाज. सगळी पोरंपोरी नाचायला धावतात. माझे साहेब विचारतात, "काय आवाज आहे! कोण हो ह्या बाई?" तू शेजारीच उभी आहेस, हातात पावभाजीची बशी. आणि मी म्हणते, "काय माहीत! असेल कुणीतरी जुनी." तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. साहेबांना म्हणालीस, "हो, फार जुनी असावी." परतताना बसमध्ये एवढंच बोललीस, "मेल्यांनी माझा श्वास कापलाय. तिथे बुवांनी मुद्दाम थांबायला शिकवलं होतं." गुरूंचा उल्लेख झाला तसा सवयीने कानाच्या पाळीला हात लावलास.

काही महिन्यांनी जुन्या तबकड्या जमवणारे एक गृहस्थ पत्ता शोधत घरी आले. गायिकांवर पुस्तक काढत होते. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. "अहो, त्या बाई केव्हाच वारल्या," तू शांतपणे म्हणालीस, "आपण चहा घेणार का?" बिचारे चहा पिऊन गेले. असं का केलंस, मी विचारलं. "तुला ऑफिसात अडचण नको," म्हणालीस आणि कपबशा विसळायला गेलीस. पुस्तक निघालं. त्यात तुझ्या नावापुढे छापलंय: अकाली निधन. तू त्यानंतर अकरा वर्षं जगलीस.

तू गेल्यापासून मी सगळ्यांना सांगत आले, की अप्पांच्या घरची लाज माझ्यात मुरली होती, म्हणून तसं बोलून गेले. लोकांना पटतं. खोटं आहे गं ते. लाज कसली! मी गुच्छ धरून उभी होते आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, सगळे तुझ्या गाण्यावर नाचत होते. मला तुझा हेवा वाटला. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहवतंय. तू समोर असतीस तर आजही मी अप्पांचंच नाव पुढे केलं असतं.