शाल कोणाकडे परत करावी

कवठाळ (भीमाकाठ), जिल्हा कलबुर्गी
शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. विजयश्री हिस तिच्या अप्पांचे आशीर्वाद.

इकडील सर्व मंडळी क्षेम आहेत, असे पत्राच्या आरंभी लिहावयाचे असते, म्हणून लिहिले. जावईबापूंना माझा नमस्कार सांगावा. मुलांना उदगीरची थंडी बाधत असल्यास रात्री कानाला रुमाल बांधावा.

गेल्या आठवड्यात तू वारंवार फोन केलास आणि मी तो उचलला नाही. फोन बिघडलेला नाही. त्याआधी तू विचारले होतेस, "अप्पा, पेपरात आलंय ते खरं हाय का?" तेव्हा "आवाज येत नाही" असे सांगून मी फोन ठेवला. आवाज स्पष्ट येत होता. फोनवर मनुष्य घाईने काहीही बोलून जातो. कागदावर थांबता येते, म्हणून हे पत्र.

प्रथम घरची हकिकत. पुरात मागील भिंत पडली. पुढील दोन खोल्या उभ्या आहेत, परंतु गाळाची ओल अद्याप जात नाही. तूर गेली. नदीकाठच्या पट्टीवर वाळू पसरली असून तेथे यंदा काही होणार नाही. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, तरी ती ऐकत नाही, रोज एक कोपरा सारवते. तुळशीचे वृंदावन मात्र जागचे हलले नाही, याचे सर्वांना नवल वाटते.

आता एक प्रश्न विचारतो. तू शिकलेली आहेस. सरकार म्हणजे नेमके कोण?

हसू नकोस. मी पंचायतीचा अध्यक्ष होतो तेव्हा हा प्रश्न पडत नसे. तालुक्याहून जीप येई, चावडीपुढे खुर्ची मांडली जाई, हुकूम वाचला जाई आणि त्याखाली गोल शिक्का असे. सरकार डोळ्यांना दिसत असे. या वेळी पाणी सोडले महाराष्ट्रात, हुकूम निघणार बेंगळुरूत, आणि आपण मध्ये. शरणबसवच्या फोनवर निरोप आला की नदीकाठच्या ग्रामस्थांनी दक्षता घ्यावी. शरणबसव सध्याचा अध्यक्ष आहे, त्याने तो चावडीवर मोठ्याने वाचला. दक्षता घ्यावी म्हणजे निघावे की थांबावे, हे त्यात नव्हते. आम्ही तालुक्यास फोन केला. ते म्हणाले जिल्ह्यास विचारतो. जिल्ह्याकडून उत्तर आले की किती पाणी सोडले त्याचा धरणवाल्यांकडून आकडा यावयाचा आहे. तोवर पाणी वेशीवरच्या मसोबाच्या दगडापर्यंत आले होते.

त्या दिवशी आपल्या घरात घट बसलेले होते, हे तुला सांगावयास नको. घट बसल्यावर आपले घर बंद होत नाही आणि नंदादीप दसऱ्यापर्यंत विझू देत नाहीत. पहिल्या दिवशी गावातील बायका आपल्याच दिव्यावरून आपापल्या वाती पेटवून नेतात, त्यामुळे त्या दिवसांत आपला उंबरा हलला नाही तर कवठाळात कोणाचाच हलत नाही. या गोष्टीचा मला अभिमान होता. होता असे लिहिले आहे. आहे असे लिहावे की नाही, हे ठरत नाही.

दुपारी मल्लेश्वरी आली. ही मुलगी आपल्या गावची महसूल अधिकारी. लोक जुन्या सवयीने तिला तलाठीण म्हणतात. मूळची बीदरकडच्या चिटगुप्प्याची, वयाने तुझ्याहून लहान. चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलातून ती आली आणि ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "अप्पा, आता निघायचं. सगळ्यांनी."

मी विचारले, "बाई, आपल्याजवळ लेखी हुकूम आहे काय?"

"हुकूम यायलाय, अप्पा. त्याच्या आधी पाणी यायलंय."

बंडेप्पा ओट्यावरच बसला होता. तो म्हणाला, "हरिबा, त्या भीमेला बी इचार की, शिक्का मारून आलीस का म्हणून!"

लोक हसले. विजयश्री, मला राग आला, आणि राग आल्यावर मी अधिकच ताठ होतो हे तुझ्या आईने तुला अनेकदा सांगितलेले आहे. मी म्हणालो, हुकूम आल्याशिवाय कवठाळ हलणार नाही. तुझी आई आतून म्हणाली, "दिवा सोडून म्या उंबरा वलांडायची न्हाई. ज्याला जायचं त्यानं जावं." बायकांनी ते ऐकले आणि आपापल्या दारांत बसल्या.

त्या मुलीने वाद घातला नाही. दारातील रांजणाच्या पाण्याने हातपाय धुतले. मग आत डोकावून म्हणाली, "अव्वा, मी दिव्याला हात लावलं तर चालतंय का?"

तुझ्या आईने माझ्याकडे पाहिले. मी तालुक्याच्या रस्त्याकडे पाहू लागलो. तीच म्हणाली, "धर. पर पदराआड धर, वारं लागू दिऊ नगंस."

मल्लेश्वरीने लहान समई पितळेच्या रुंद तोंडाच्या घागरीत उतरवली, ओढणी वर धरली आणि घागर पोटाशी घेऊन बाहेर पडली. तिच्यामागे तुझी आई, तिच्यामागे शेजारची ईरम्मा, मग सर्व बायका. बायका निघाल्यावर पुरुषांना निघावेच लागले. बंडेप्पाच्या अनिलकुमारने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलेलीच होती. त्याने खेपा केल्या. पहिल्याच खेपेस नाल्याच्या पुलावर पाणी आढळले, म्हणून शेजारच्या गावच्या शाळेत, जेथे सरकारी केंद्र उघडले होते, तेथे जाता आले नाही. मल्लेश्वरीने ट्रॅक्टर गाणगापूरच्या रस्त्याने माळावरील मठाकडे वळविला. संध्याकाळपर्यंत सर्व जण मठात होते. सकाळी मठाच्या पायऱ्यांवरून पाहिले तेव्हा आपल्या घरांची फक्त छपरे दिसत होती. कोणाचा जीव गेला नाही.

येथपर्यंत गोष्ट सरळ आहे. यापुढे मला समजत नाही.

पाणी ओसरल्यावर आपल्या भागातील पुढारी आले. मठापुढे मंडप घातला. ब्लँकेटे वाटली, भाषण केले. भाषणात ते म्हणाले की या वयोवृद्ध माजी अध्यक्षांनी अखंड नंदादीप स्वतःच्या हाती घेतला आणि गाव त्यांच्या मागे चालले, नेतृत्व असे असते. त्यांना हे कोणी सांगितले, मला ठाऊक नाही. मी सांगितले नव्हते. मला वर बोलावले. चूक दुरुस्त करावी म्हणून मी तोंड उघडले, तोच शाल अंगावर पडली. शाल खांद्यावर पडल्यावर मनुष्य बोलत नाही, हात जोडतो. मी हात जोडले. फोटो निघाला. तोच तू पाहिलास.

मल्लेश्वरी त्या वेळी मंडपाच्या खांबाशी, पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. तिनेही टाळ्या वाजविल्या.

आता त्याच फोटोवरून तिला नोटीस आली आहे. तिची नेमणूक त्या दिवशी शाळेतील केंद्रावर होती, आणि ती तेथे हजर नव्हती. खरेच नव्हती, कारण ती आमच्याजवळ होती. परंतु वर्तमानपत्रात स्पष्ट छापले आहे की कवठाळ हरिबांच्या नेतृत्वाखाली आपणहून बाहेर पडले. मग ती होती कोठे? सध्या ती निलंबित आहे. सोमवारी तालुक्यास चौकशी असून माझी जबानी घेणार आहेत.

शरणबसव परवा घरी येऊन बसला. चांगला मुलगा आहे, गावाचे हित पाहतो. म्हणाला, "काका, तुमी फकस्त एवढंच म्हना, आमचं आमी निघालो. त्यात खोटं काय हाय? पायानंच निघालो की. वर माळावर नव्या गावाला जागा मंजूर व्हायलीय. पुढाऱ्यानं भर सभेत शबूद दिलाय. आता तुमी त्यास्नीच खोटं पाडलं तर ती जागा ऱ्हायची का?"

मी म्हणालो, "आणि त्या मुलीचे?"

तो म्हणाला, "ती सरकारची मानूस हाय, काका. सरकार बघून घील."

म्हणून मी तुला वर विचारले. जे सरकार आकड्याची वाट पाहत होते ते सरकार, की शाल घालणारे, की नोटीस काढणारे, की नवीन जागा देणारे? आणि चिखलातून आली ती कोण? ती सरकार होती तर सरकारने सरकारलाच नोटीस दिली काय? मी पुष्कळ विचार केला. जितका करतो तितके गुंतते. एकीकडे सर्व गावाचे छप्पर, दुसरीकडे एका मुलीची नोकरी, असे म्हटले म्हणजे उत्तर सोपे वाटते. पण गाव ट्रॉलीत कोणी बसविले हे आठवले म्हणजे ते तसे राहत नाही.

बंडेप्पा आता ओट्यावर येत नाही. वाटेत भेटला तर एवढेच विचारतो, "शाल लई ऊब देतीया का रं, हरिबा?" तुझ्या जन्माआधीपासूनचा स्नेह. ती शाल मी एकदाही पांघरलेली नाही, हे त्यास सांगावे असे वाटते, परंतु त्याने काय सिद्ध होते?

मल्लेश्वरी मात्र येऊन गेली. नोटीस मिळाल्यानंतर आली. मला वाटले, जबानीविषयी बोलेल. ती तुझ्या आईजवळ बसली, "अव्वा, गुडघं कसं हाय?" म्हणाली, चहा घेतला आणि उठली. माझ्या पाया पडली. जबानीचे नाव काढले नाही. भांडली असती तर मला सोपे गेले असते.

विजयश्री, आणखी एक गोष्ट आहे. ती मी वर लिहावयास हवी होती.

दिवा विझला होता.

नाल्यावरून ट्रॅक्टर मागे वळविताना ट्रॉलीला हिसका बसला आणि पावसाची सर आडवी आली. मी समोरच बसलो होतो. घागरीतील उजेड गेला, तो मी पाहिला. मल्लेश्वरीने माझ्याकडे पाहिले. तुझी आई डोळे मिटून देवीचे नाव घेत होती. ती मुलगी अगदी हळू म्हणाली, "अप्पा, सांगू का अव्वांना?" मी मान हलवून नको म्हटले आणि तोंड नदीकडे फिरविले. तिने अनिलकुमारजवळची काडेपेटी मागून घेतली, ओढणीच्या आत वात पुन्हा पेटविली. मठात तोच दिवा देवीपुढे ठेवला. बायकांनी त्याला नमस्कार केला. आजही गावात सांगतात, दिवा विझला नाही म्हणून कवठाळ वाचले. तुझी आईही तेच सांगते. निदान मला तसे वाटत होते.

जबानीत दिवा कोणाच्या हाती होता हे विचारतील. तो मल्लेश्वरीच्या हाती होता असे म्हणालो, तर गावात कुजबूज होईल, तिला बोलावतील, खोदून विचारतील आणि ती खोटे बोलणार नाही. मग तुझ्या आईचे काय होईल? नवरात्र मोडले हे ऐकून ती अंथरूण धरील, अशी मला भीती होती. माझ्या गप्प राहण्याला मी हे कारण देत होतो. कारण खरे होते. सगळे खरे नव्हते.

काल दुपारी तुझी आई भिंत सारवत असताना मी धीर केला. म्हणालो, "नागूबाई, त्या दिवशी ट्रॉलीत दिवा..."

ती मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "इझला हुता. ठावं हाय मला. इझल्या वातीचा वास नाकाला येत न्हाई व्हय? जन्मभर वातीच केल्यात म्या."

मी म्हणालो, "मग बोलली का नाहीस?"

"तुमीच तोंड फिरवलासा. मग म्या कामून बोलू?" थोडा वेळ तिचा हात भिंतीवर फिरत राहिला. मग म्हणाली, "माझा दिवा इझला. त्या पोरीनं लावला त्यो तिचा. त्याच्याम्होरं म्या दसऱ्यापातुर बसले. देवीनं काय बी म्हनलं न्हाई. आता तुमी तेवढं म्हनत बसा."

मी ओट्यावर येऊन बसलो. ज्या कारणाच्या आड मी उभा होतो ते कारण भिंतीसारखेच पडले.

तरीही सर्व उलगडले असे समजू नकोस. नवीन जागा मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. शरणबसव माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. पुढाऱ्यांचा शब्द एका म्हाताऱ्याच्या जबानीने मोडत असेल तर तो शब्द होता की नव्हता, हेही समजत नाही. एवढे ठरविले आहे की सोमवारी मी जाईन. हुकूम मी मागितला, वेळ मी दवडला, दिवा तिने उचलला, तो विझला आणि तिनेच पुन्हा लावला, हे त्याच क्रमाने सांगेन आणि लिहून घेतलेले वाचून दाखविण्यास सांगेन. बंडेप्पास काल संध्याकाळी निरोप धाडला. तो आला, अंगणातच उभा राहिला आणि म्हणाला, "अनिलच्या ट्रॅक्टरवर चल. ह्या खेपेला लेखी हुकूम मागू नगंस म्हंजी झालं."

शाल घडी करून पिशवीत ठेवली आहे. ती बरोबर नेणार आहे, परंतु कोणाकडे परत करावी हे समजत नाही. सरकारने दिली म्हणतात. त्या कचेरीत ज्या टेबलाशी सरकार बसलेले असेल असे तुला वाटते, ते मला फोन करून सांग. या वेळी मी उचलीन.

तुझ्या आईने लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे, येशील तेव्हा घेऊन जावी.

तुझा अप्पा,
हरिबा,
त्या दिवशी पहिल्या खेपेस ट्रॉलीत सर्वांत शेवटी चढलेला, तोही बंडेप्पाने हात धरून ओढला म्हणून.