थिण्णैवरची चुन्याची उशी

अप्पा, ओरत्तनाडूजवळच्या आपल्या घराला लोखंडी जाळी बसवायचं ठरलं होतं, ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. घर तुमच्या आजोबांनी इंग्रजी अमदानीत बांधलं, कालव्याच्या कचेरीत नोकरीला असताना. दर्शनी कमान साहेबाच्या बंगल्यासारखी, खिडक्यांवर रंगीत काचा, ब्रह्मदेशी सागाचे खांब; पण समोर थिण्णै, आपला तो रस्त्याकडचा उघडा ओटा, आणि त्याच्या टोकाला गवंड्याकडून घडवून घेतलेली चुन्याची उशी. कालव्याकाठी पायी हिंडताना ते स्वतः परक्यांच्या ओट्यांवर निजले होते, म्हणून. लहानपणी सागरगोटे खेळायला जागा हवी म्हणून मी तिथे निजलेल्या बांगडीवाल्याला हलवत होते, आणि तुम्ही दारातून डोळे वटारलेत. "उठवू नको त्याला. थिण्णै अमची नोहे, वाटेनं जाणाऱ्याची." निजलेल्याचं तोंड पाहायचं नाही, नाव विचारायचं नाही, उंबऱ्यावर ताक ठेवून आत यायचं. मी दिवसभर रुसले होते. आता त्या रुसव्याचं हसू येतं आणि तुमची फार आठवण येते.

तुम्ही गेल्यापासून आई एकटीच. गावात घरोघरी रंगीत टीव्ही आलाय आणि त्याच्या मागोमाग थिण्णैला जाळी. "कोण येतंय आता निजायला? अस्के जण मोपेडवर जातात," आई म्हणाली. मी तंजावरहून येऊन भांड भांड भांडले; पण तिथे एकटी राहते ती, मी नव्हे, तेव्हा माझं तोंड तरी किती चालणार? वेल्डर माप घ्यायला येणार त्याच्या आदल्या दुपारी मी पुन्हा बसमधून उतरले. उन्हानं जीव कासावीस, दार लावलेलं, आईची झोपायची वेळ. थिण्णैवर आडवी झाले, चुन्याच्या उशीवर डोकं टेकलं, पदर तोंडावर ओढला. केवढी गार आहे ती उशी, अप्पा! डोळा लागतोय तोच कडी वाजली. उंबऱ्यावर तांब्या ठेवून आई मान खाली घालून आत वळली. मी पदराआडून पाहत होते. ताक प्याले, त्यात आलं आणि कढीलिंब होता. घटकाभरानं मागल्या दारानं आत गेले.

दुसऱ्या दिवशी वेल्डर आला, तर आईनं त्याला टेप उघडूही दिली नाही. "नको रे बाबा, राहू दे," ती तमिळमध्ये त्याला म्हणाली, "कालच कोणी बाई निजून गेली."

हे पत्र तुमच्या पेटीत ठेवतेय. आई घरात आपली मराठी बोलते, पण वाचता येतं ते तमिळच, देवनागरी नाही, ते बरंच आहे. ती बाई मी होते, हे तिला अजून सांगितलेलं नाही.