नऊ महिने पुरे व्हायच्या आत

५ जाने., सोम.
अफझलगंजच्या आमच्या दवाखान्यात आज लसीचा दिवस. शाहीन आली, अयानला घेऊन. सात महिन्यांचा. गल्लीत दोन पोरांना गोवर, म्हणून घाबरलेली. "बाजी, इसको आज लगा देव ना." मी कार्ड पाहिलं. गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावर. तेवढं सांगून परत पाठवलं. वीस वर्षं हेच सांगतेय.

९ जाने., शुक्र.
नवा आदेश. डॉक्टर मॅडमनी वाचून दाखवला. या भागात सहा महिन्यांपासूनच्या बाळांना एक जादा डोस. तो हिशेबात धरायचा नाही, नऊ महिन्यांचा आणि दीड वर्षाचा हे दोन्ही ठरल्या वेळी द्यायचेच. विचारलं, "मॅडम, सोमवारी नको होतं ते आज हवं कसं?"
"आता तान्ह्यांनाच होतोय, सिस्टर. आजार बदलला की आपणही बदलायचं."
कळलं. म्हणजे, नाहीच कळलं.
दुपारी शाहीनच्या घरी गेले. कुलूप.

१० जाने.
शेजारीण म्हणाली, अयानच्या अंगावर पुरळ, ताप. मोठ्या दवाखान्यात नेलंय. सोमवारी टोचलं असतं तर? मॅडम म्हणतात, आजार तेव्हाच शिरला असेल कदाचित. कदाचित.

१२ जाने., सोम.
ड्यूटी संपल्यावर गेले. अयानच्या नाकाला ऑक्सिजनची नळी. शाहीन म्हणाली, "तुम बोले थे ना, नौ महिने." रागानं नाही. नुसतं आठवून. त्यापेक्षा भांडली असती तर...
म्हटलं, "हौ. तब वैसाइच था."
"अब?"
"अब छह महिने."
तिनं बाळाच्या गालावरची नळी सरळ केली.

१३ जाने.
तिच्याच गल्लीत शिबिर. एक म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, "उस दिन नक्को बोले, आज हौ बोलते. कल क्या बोलते?" म्हटलं, "कल का नै मालूम, अम्मा. आज लगाना." तिघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. जादा डोसला कार्डावर रकानाच नाही. कोपऱ्यात लिहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा हाताला विचारावं लागलं, बरोबर लिहितोयस ना?

१५ जाने., गुरु.
सकाळी शाहीनचा फोन. "गोवर तो हो गया. फिर भी नौ महिने पे लाऊं क्या?" हो म्हणणार होते, धीर झाला नाही. मॅडमना विचारून सांगते म्हटलं. मॅडम म्हणाल्या, आणायचंच. लगेच फोन लावला. उचलला नाही. दुपारीही नाही.
अयान कसा आहे, हे सकाळी विचारलंच नाही मी.