कावळा शिवला की पुढचं पान

आत्याबाई, तुम्हाला अक्षर येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊनही आता लई वर्षं झाली, म्हणून बिनधास्त लिहिते. चुका काढणारं कोणी नाही. मी चौथीतून उठलेली बाई, काना-मात्रा चुकतील तर चुकतील. काल रविवार होता. तुमचा नातू, म्हणजे माझा पोरगा, नांदेडहून एसटीनं लातूरला आला, आपल्या पोरीला होस्टेलात टाकायला. ती डॉक्टरकीच्या क्लासला इथं आहे, आणि तिच्या खाण्यापिण्याचं बघायला मी तिच्यासोबत भाड्याच्या खोलीत राहते. त्या होस्टेलात कोर्साबाहेरचं एक पुस्तक आत नेऊ देत नाहीत, खेळायचं तर नावच नको, आणि जेवताना समोरच्या भिंतीवरसुद्धा सूत्रं लिहिलेली. पोरगी तिथं गेली का नाही ते सांगते. पण आधी गुन्हा काय झाला ते सांगायला पाहिजे, कारण गुन्हेगार मीच.

मला इथं राखणीला ठेवलं होतं. 'आई, तू फक्त बघ. ती अभ्यास सोडून दुसरं काही करती का, एवढंच बघ.' मी बघितलं. पोरगी भात चिवडते आणि ताट सरकवते. बोललं तर हं म्हणते. एक दिवस पुस्तकात डोकं घालून बसली होती, पान काही उलटेना. म्हणाली, 'आजी, मला वाचलेलं कळतच नाही आता. नुसती अक्षरं दिसतात.' मी म्हटलं, 'मग मिटव की.' तर म्हणते, 'आणि काय करू?' आत्याबाई, एवढी घोडी झालेली पोरगी, पुस्तक मिटल्यावर काय करायचं ते तिला माहीत नाही! मी आपल्या घरी नायगावला गेले तेव्हा ट्रंक उघडली आणि तिच्या बापाचा लहानपणीचा गेम काढून आणला.

हा गेम तुम्ही गेल्यावर घरात आला. तळहाताएवढी पिवळी पेटी, माहूरच्या यात्रेत तुमच्या नातवानं भर रस्त्यात लोळून घ्यायला लावलेली. तिच्या काचेत वरून ठोकळे पडतात. कोणी काठीसारखा, कोणी चौकोनी डब्यासारखा, कोणी विळ्यासारखा वाकडा. फिरवून फिरवून खाली नीट बसवायचे. ओळ भरली की ती ओळ गायब. एवढंच. शेवट नाही, बक्षीस नाही, कोणाचं काही भलं होत नाही. सेल आत फुटून गंज चढला होता, म्हणून मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो म्हणाला, 'आजी, हा म्युझियममधला माल हाय.' मी म्हटलं, 'मी बी हाय. आधी त्याला चालू कर.' केलं पोरानं. झाकण हरवलंय, तिथं रबर लावलाय.

तेव्हापासून संध्याकाळी क्लासवरून आली की एक तास आमचा. ती जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून आणलेली कादंबरी वाचते, मी पेटी खेळते. मग ती पेटी घेते आणि मी चष्मा लावून कादंबरी. तिची खूण वेगळी, माझी खूण वेगळी, आणि पुढचं सांगायचं नाही हा नियम. तुम्हाला म्हणून सांगते, पेटीत माझा आकडा तिला अजून गाठता आलेला नाही. ठोकळे जोरात पडायला लागले की ती ओरडते, मी ओरडत नाही. आयुष्यभर मेथी निवडलेली बोटं आहेत ही. पोरगी हळूहळू दोन पोळ्या खायला लागली. मग एक दिवस तुमच्या नातवाचा फोन आला आणि त्यात मागून पेटीचा टूंटूं आवाज गेला. त्यानं ओळखला. ओळखणारच, रात्रंदिवस त्यानंच वाजवलेला. 'रविवारी येतो,' म्हणाला आणि फोन ठेवला.

आता हे फुरसतीचं वेड मला कुठून लागलं, असं तुम्ही तरी विचारू नका. लग्नाच्या पहिल्या वर्षी आपण माहूरला देवीला गेलो, ते आठवा. बाकीच्या सुनांनी बांगड्या घेतल्या, मी बिनपुठ्ठ्याची एक जाडजूड खुनाची कादंबरी घेतली. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, 'रिकामटेकडी. हिच्या बापानं हिला वाचायला धाडलंय का नांदायला?' पुस्तक धान्याच्या कणगीमागं गेलं. घरात सून वाचत बसलेली कोणाला चालणार होती? पण महिन्याचा कावळा शिवला की मी ओसरीच्या कडेला, गोठ्याच्या दारात, पोत्यावर. शिवायचं नाही, रांधायचं नाही, पाणीसुद्धा वरून ओतलेलं. त्या रिवाजाला मी आजही चांगलं म्हणणार नाही. शेणाच्या वासात तीन दिवस वाळीत टाकल्यासारखं बसून बघा म्हणावं. पण मी म्हटलं, बसवलंच आहे तर बसते. आणि कादंबरी काढली.

तुम्ही लांब बसून तूर पाखडत होता. सूप वाजायचं थांबलं तेव्हा मला कळलं की तुमचं लक्ष माझ्याकडे आहे. मला वाटलं, आता पुस्तक चुलीत. तर तुम्ही म्हणालात, 'तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतीस? वाच की मोठ्यानं.' शेजारची काकू म्हणाली, 'अवं, इटाळाच्या हातात पुस्तक?' तुम्ही तिला म्हणालात, 'खुनाच्या पुस्तकाला कसला आलाय इटाळ! ती काय पोथी हाय?' झालं. सावकाराचा मुडदा विहिरीत सापडला आणि तुम्ही तिथंच निकाल दिला. 'मुनीम. मुनीमानंच मारला. गोड बोलतंय मेलं.' चौथ्या दिवशी मी न्हाले आणि चुलीपाशी गेले. पुस्तक परत कणगीमागं. सुनेला काम सोडून वाचायला तुम्ही सांगू शकत नव्हता आणि मी मागू शकत नव्हते. मग राहिलं काय? वाट बघायची.

आणि तुम्ही बघितली की. विहिरीवर चार बायकांत मला हळूच विचारलंत, 'का गं, कावळा अजून कसा शिवला न्हाई?' तुम्हाला मुनिमाची काळजी. पण त्या काकूनं ऐकलं आणि गावभर केलं, की हिला नातवंड नको, सुनेची पाळी चुकली तर ही घाबरून राहिली. आणि खरंच चुकली होती. आत्याबाई, दिवस गेल्याचं मी सांगितलं तेव्हाचं तुमचं तोंड मी विसरणार नाही. आधी कपाळाला हात लावलात, मग आठवण झाल्यासारखा देवापुढं गूळ ठेवलात. नऊ महिने मी बाजूला बसले नाही, नऊ महिने सावकाराचा मुडदा तसाच विहिरीकाठी पडून. पोरगा झाला, सगळे पेढे वाटायला धावले, आणि तुम्ही बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसलात, आत यायचं नाही म्हणून पुस्तक जमिनीवरून माझ्याकडं सरकवलंत. काढा नंतर आला. 'सोयर फिटंस्तोवर उरकून टाक,' म्हणालात. पोराला पाजत पाजत मी उरकलं. खून मुनिमानं केला नव्हता, सावकाराच्या सख्ख्या मेहुण्यानं केला होता. तुम्ही मानायलाच तयार नाही. 'लिहिणाऱ्याला कळलं न्हाई,' म्हणालात. 'मुनीमच.' त्यावरून तुम्ही माझ्याशी जेवढं भांडलात तेवढं हुंड्यावरून कोणी भांडलं नसेल.

मग तुम्ही गेलात. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. झाडावर बसून बघतोय नुसता. तुमच्या लेकानं हात जोडले, पोराला शिकवीन म्हणाला. नाही. बहिणीची माया तोडणार नाही म्हणाला. नाही. ऊन चढलं, भटजी चुळबुळ करायला लागले. मी बायकांत मागं उभी होते. तोंडातल्या तोंडात म्हटलं, 'मुनीमच होता, आत्याबाई. मेहुणा न्हाई, मुनीमच.' कावळा खाली उतरला आणि भाताला चोच लावली. आता त्याला भूकही लागली असेल, मी काही चमत्कार सांगत नाही. घरात आजवर कोणाला बोलले नाही, एवढंच.

तर काल. तुमचा नातू दारात, हातात पोरीचं सामान भरायची रिकामी बॅग. पेटी गादीवर, कादंबरी उशीवर, लपवायला मी कशाला जाऊ? तो म्हणाला, 'आई, तुला राखणीला ठेवलं आन तू काय करून राहिलीस?'

'खेळून राहिले.'

'हिचे मार्क घसरले.'

'तिचं वजन घसरलं होतं, ते दिसलं का तुला?'

'ही फिजूलगिरी परीक्षेनंतर करता येती.'

तेव्हा मात्र माझं डोकं तापलं. म्हटलं, 'तू पोटात राहिलास आन माझं पुस्तक अर्ध्यात बंद पडलं. खून कोणी केला ते नऊ महिने ना मला कळलं, ना तुझ्या आजीला. तवा मी काही बोलले न्हाई. आता माझ्या नातीचं बंद पाडायला आलास, तर बोलणार.' त्यानं बॅग खाली ठेवली. 'कसला खून?' म्हणाला. पोरगी खुर्चीवरून उठली. म्हणाली, 'बाबा, मला डॉक्टर व्हायचंय, तुम्ही सांगता म्हणून नाही, मलाच. पण त्या होस्टेलात मी आजारी पडेन. मला इथं राहू द्या.' बापासमोर ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. आणि हे तिचंच बोलणं होतं, मी शिकवलेलं नाही.

तो गादीच्या कडेवर बसला. पोरीकडं लई वेळ बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच मार्क सोडून बघितलं. मग म्हणाला, 'एक तास. घड्याळ लावून.' मी म्हटलं, 'घड्याळ तू नांदेडला घेऊन जा.' बॅग रिकामीच परत गेली, आत्याबाई. आम्ही दोघी त्याला स्टॅंडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली, पाय पायरीवर, आणि वळून मला विचारतो, 'पण आई, खून केला कुणी?' मी म्हटलं, 'पुस्तक नायगावला ट्रंकेत हाय. वाच.'

पोरगी आता क्लासला गेलीय. हे पत्र कुठं टाकायचं? पत्ता नाही, आणि असता तरी तिथं तुम्हाला वाचून दाखवणारं कोण? गादीखाली राहील. तुम्ही मला रिकामटेकडी म्हणालात ते शंभर लोकांत. मी कोणाचं काही न बिघडवता रिकामी बसायला शिकले आणि एका पोरीला शिकवलं, याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. एक मात्र कबूल करते. गॅसवर वांगी ठेवून लिहायला बसले होते. करपल्याचा वास मला दुसऱ्याच पानावर आला होता. उठून गॅस बंद केला, वांगी तशीच ठेवली आणि परत येऊन बसले.