बँकेचं कुलूप लागण्याआधी

बाबा, आटगावचं घर विकलं. घेतलं होतं त्याहून कमी भावात, आणि बँकेचं जेवढं देणं होतं त्याहूनही कमी भावात. दादाच्या तोंडून हे तुमच्यापर्यंत गेलं असतं तर तिखटमीठ लागून गेलं असतं, म्हणून मीच सांगते. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाबांनी लंगडा बैल इकला नाय, न् तू राहतं घर पडल्या भावात दिलंस गो! ते असते तर तुला उंबऱ्याच्या आत घेतली नसती." नसती घेतली तर नसती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून हेच सांगितलं असतं.

तो बैल मला दादापेक्षा चांगला आठवतो. म्हसाच्या जत्रेत पौषातली थंडी आहे, मी तुमच्या धोतराला धरून उभी आहे आणि व्यापाऱ्यानं उपरण्याखाली तुमचा हात धरलाय. कापडाखाली तो बोटं दाबून भाव सांगतोय, मला दिसतो फक्त तुमचा चेहरा. निखारा लागावा तसा तुम्ही एकदम हात ओढून घेता. "मी बैल इकाया आलोय, भीक मागाया नाय." परत धसईच्या वाटेला लागल्यावर मी विचारलं, दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही तर? तेव्हा थांबून दरडावलंत, "पडल्या भावात इकनारा ढोर इकत नाय, पत इकतो. पोरीच्या जातीनं बाजारात तोंड घालू नये." गावानं तुमची वाहवा केली. बैल पुढच्याच पावसात चिखलणीला बसला तो उठला नाही. मग दुसऱ्याचा बैल मागून आणलात, आणि त्या बदल्यात आई आपली लावणी मागे ठेवून त्याच्या खाचरात वाकली. पत तुमची राहिली, बाबा. कंबर आईची गेली.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि तुळशीपुरता सज्जा. ह्यांची कंपनी बंद पडली तोवर एकही हप्ता चुकला नव्हता; घरखर्च मीच लिहिते, मला ठाऊक आहे. नंतर हे टेम्पोवर जाऊ लागले, त्यात पोट भरायचं, हप्ता नाही. मग बँकेनं दारावर नोटीस चिकटवली. हे म्हणाले, थांबू, देव काहीतरी करील. मी देवाचं सगळं करते, मार्गशीर्षातला एक गुरुवार चुकवलेला नाही, पण देवावर हप्ते ढकलायचे नसतात. आणि तळमजल्यावरच्या वहिनींचं काय झालं ते मी जिन्यात उभी राहून पाहिलं होतं. बँकेची माणसं, पोलीस, पंचनामा. सामान बाहेर काढलं, घाईत देव्हारा आतच राहिला आणि दाराला सील लागलं. वहिनी त्या पोलिसापुढे हात जोडून विचारत होत्या, "साहेब, माझे देव तेवढे काढू द्या ना." स्वतःच्या देवांना हात लावायला परवानगी! त्या दिवशी मी ठरवलं. घर जायचंच असेल तर जाईल, पण माझे देव माझ्या हातानं निघतील.

मग मीच बँकेत गेले. हे बाहेर टेम्पोत बसून राहिले, त्यांचा पाय उचलेना. गिऱ्हाईक मी आधीच पाहून ठेवलं होतं, खर्डीचं एक मास्तर जोडपं. साहेब कागद बघून म्हणाले, "ताई, घराला बारा लाख येतायत, देणं सोळाचं. मधले चार कोण भरणार?"

"लिलावात किती येतील, साहेब?"

त्या भागात निम्म्या इमारती रिकाम्या, पाणी टँकरचं. साहेबांनाही माहीत होतं. "बाराच्या आतच," ते म्हणाले.

"मग माझं गिऱ्हाईक घ्या. वर भिंतीला रंग, नळ न गळणारे, आणि शिव्याशाप एकही नाही."

ते हसले. बाजूची मॅडमही हसली. तरी चार फेऱ्या मारायला लावल्याच. वरून मंजुरी आली: माझ्या पाटल्या मोडून एक लाख भरायचा, बाकीचं बँक सोडणार. साहेब म्हणाले, झालं तुमचं काम. मी उठले नाही. म्हटलं, "यापुढे आमच्याकडे काही देणं राहिलं नाही, असं लिहून द्या. इंग्रजीत लिहा आणि मराठीत वाचून दाखवा. मी दहावीपर्यंतच शिकलेय, पण तेवढ्यात सही कशाखाली करू नये ते शिकवलंय." बाबा, त्या पाटल्या तुम्ही दिलेल्या. बाजारात तोंड घालू नये म्हणालात, तुमच्याच सोन्यानं घातलं.

निघायच्या दिवशी पूजा केली, दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला. ताम्हनात तांदूळ पसरून त्यात कुळस्वामिनीचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा बसवली. उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि देव घेऊन मी जिना उतरले. कोणी अडवलं नाही, कोणाला विचारावं लागलं नाही. किल्ली मी मास्तरीणबाईंच्या हातावर ठेवली. "तुळस राहू दे," म्हटलं, "तिला इथलं ऊन मानवलंय." दादा काही म्हणो, पत अशीही राहते.

आता शहापुरात एका खोलीत भाड्यानं आहोत. देव कोनाड्यात बसले. हे पत्र मी त्यांच्याच पाटाखाली ठेवणार आहे, तुमच्या माघारी ते टाकायचं कुठे? फक्त एक सांगायचं राहिलं. तुमचा फोटो अजून तांदळाच्या डब्यावर भिंतीला टेकवून ठेवलाय. खिळा ठोकायला घरमालकाला विचारावं लागतं. दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले, बाबा. परवानगी मागवत नाही.