भाऊसाहेबाचा फेटा

पारनेर, मंगळवार

आज पक्षाच्या मेळाव्यात भाऊसाहेबाला फेटा मी बांधला. व्यासपीठावरच्या पाहुण्यांना फेटे बांधायचं काम तीस वर्षं माझ्याकडेच आहे. भाऊसाहेब कालपर्यंत विरोधी पक्षात होता. आम्ही देवाधर्माचं बोललो की भर सभेत आमची टिंगल करायचा. आज सकाळी तो आमच्या पक्षात आला आणि दुपारी त्याला जिल्हा परिषदेचं तिकीट जाहीर झालं. ते यंदा मला मिळणार होतं. निदान मी तसं धरून चाललो होतो.

शेवटचा पदर खोचत असताना तो म्हणाला, "गुरुजी, जरा सैल ठिवा. लई येळ मिरवायचंय."

सगळे हसले. मीही हसलो. का हसलो?

फेटा त्याला शोभत होता, हे जास्त लागलं. माझ्या डोक्याला पक्षाने एकदाही फेटा बांधला नाही. बांधणार तरी कोण? तालुक्यात बांधता येतो तो मलाच.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, "पक्षाने तत्त्व सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा यांना मत देणार नाही."

मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "तिकीट तुम्हाला दिलं असतं, तर भाऊसाहेब पक्षात आलेला चालला असता का हो?"

"चालला असता," मी म्हणालो. इतक्या चटकन, की तिने हातातली जुडी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.